टंचाई दिसते, महागाई मुरते

जानेवारी २०१९ मध्ये सेन्सबरीज, ॲस्डा, वेटरोज, लिडल अशा ब्रिटनमधल्या बड्या किराणा साखळ्यांच्या प्रमुखांनी तिथल्या खासदारांना एक पत्र लिहिले. देशातले जवळपास एक तृतीयांश अन्न युरोपीय संघातून येते. मार्च महिन्यात तर ९० टक्के लेट्यूस आणि ८० टक्के टोमॅटो तिकडूनच येतात. तेव्हा करार न करता संघ सोडला तर दुकानांतल्या फळ्या रिकाम्या पडतील, असा त्यांचा इशारा होता. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सरकारला 'ऑपरेशन यलोहॅमर' हा स्वतःचाच आपत्कालीन अंदाज जाहीर करावा लागला. ताज्या अन्नाचा पुरवठा घटेल, भाव चढतील आणि त्याची झळ गरिबांना अधिक बसेल, हे त्यातही लिहिलेले होते. ब्रेक्झिटच्या, म्हणजे संघ सोडण्याच्या, पाठीराख्यांनी हे सारे 'भीती पसरवण्याचा उद्योग' ठरवून निकालात काढले.

पुढे करार झाला. ३१ जानेवारी २०२० ला ब्रिटनने संघ सोडला, ३१ डिसेंबर २०२० ला संक्रमणकाळही संपला आणि कुणी उपाशी मेले नाही. टंचाया मात्र आल्या, एकीमागून एक आल्या. जून २०१६ च्या सार्वमतात ५१.९ टक्के लोकांनी बाहेर पडण्याचा कौल दिला होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये 'यूगव्ह' या संस्थेच्या पाहणीत ५६ टक्के लोक म्हणाले की तो निर्णय चुकला. तो बरोबर होता म्हणणारे ३२ टक्के उरले होते. या दोन गोष्टी जोडून एक सोपी गोष्ट सांगितली जाते: फळ्या रिकाम्या झाल्या आणि लोकांचे डोळे उघडले. मला हे निदान पटत नाही. टंचाईने लोकांना जेवढे शिकवले, त्याहून अधिक झाकून ठेवले. खरी किंमत बिलातून गेली आणि ती कुणी आधी नीट मांडून दाखवली नव्हती. म्हणूनच मत बदलूनही त्या मताला पुढची वाट सापडलेली नाही.

आधी टंचाई पाहू. सप्टेंबर २०२१ च्या अखेरीस ब्रिटनच्या पेट्रोल पंपांवर लांबच लांब रांगा लागल्या. चालक नसल्याने काही पंप बंद ठेवावे लागत असल्याचे बीपी कंपनीने सांगितले, बातमी पसरली आणि जो तो टाकी भरून घ्यायला धावला. तेलशुद्धीकरण कारखान्यांत इंधन होते. ते पंपापर्यंत नेणारे हात कमी पडत होते. मालवाहतूकदारांच्या संघटनेच्या अंदाजाने देशात सुमारे एक लाख ट्रकचालकांची उणीव होती. ऑक्टोबरच्या सुरुवातीला टँकर चालवायला लष्कराचे जवान आणावे लागले.

हे ब्रेक्झिटमुळे झाले का? अंशतः. कोविडच्या महासाथीत जड वाहनांच्या परवान्याच्या हजारो परीक्षा रद्द झाल्या होत्या. पगार कमी, कामाचे तास वाईट, जुने चालक निवृत्तीकडे झुकलेले. चालकांची वाण पोलंड आणि जर्मनीतही होती. फरक एवढाच, पण मोलाचा, की संघातल्या देशांत शेजारचा चालक व्हिसाशिवाय येऊन स्टिअरिंग हाती घेऊ शकत होता. ब्रिटनने तो दरवाजा बंद केला होता. घाईघाईने ५००० तात्पुरते व्हिसा जाहीर झाले, तेही सुरुवातीला नाताळपर्यंतच्या मुदतीचे. तीन महिन्यांसाठी घरदार सोडून कोण येणार? त्याच सुमारास खाटकांअभावी डुकरे कत्तलखान्यापर्यंत पोहोचत नव्हती आणि शेतकऱ्यांवर ती गोठ्यातच मारून टाकण्याची वेळ आली. माल होता, गिऱ्हाईक होते. मधला माणूस नव्हता.

या मधल्या माणसांत आपलीही माणसे आहेत. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वारसांना पोर्तुगीज नागरिकत्व मिळू शकते. त्या पासपोर्टवर कितीतरी गोवेकर युरोपीय नागरिक म्हणून इंग्लंडला गेले. लंडनच्या पश्चिमेचे स्विंडन शहर त्यांच्या वस्तीसाठी ओळखले जाते आणि तिथल्या गोदामांत त्यांतले अनेक जण राबतात. आधी पोहोचलेल्यांना ३० जून २०२१ पर्यंत अर्ज करून राहण्याचा हक्क टिकवता आला. मागून येणाऱ्यांसाठी ती वाट बंद झाली. ब्रिटिश वृत्तपत्रांत जी 'मजुरांची टंचाई' म्हणून छापून आली, ती गोव्याच्या सासष्टीतल्या एखाद्या घरात मुलाचा अडलेला प्रवास म्हणून आली.

फेब्रुवारी २०२३ मध्ये टोमॅटो, काकडी आणि ढोबळी मिरचीची पाळी आली. टेस्को आणि आल्डीने एका गिऱ्हाइकाला तीनच नग देण्याची मर्यादा घातली, मॉरिसन्सने दोन. तेव्हाच्या पर्यावरण व अन्नमंत्री थेरेस कॉफी यांनी संसदेत मोसमी भाज्यांचे गुण सांगताना सलगमचे नाव घेतले आणि लोकांचा संताप ओढवून घेतला. यावेळीही कारणांची सरमिसळ होती. स्पेन आणि मोरोक्कोत थंडीने पीक मारले होते, विजेच्या भावामुळे ब्रिटनमधल्या हरितगृहवाल्यांनी लागवड लांबवली होती. मोरोक्को तर संघात नाहीच. त्याच आठवड्यात युरोपातल्या भरलेल्या दुकानांची छायाचित्रे फिरू लागली. ब्रेक्झिटविरोधकांनी ती पुरावा म्हणून दाखवली, समर्थकांनी हवामानाकडे बोट दाखवले. दोघांचेही काही अंशी खरे होते. पंधरवड्यात फळ्या भरू लागल्या आणि वाद जागच्या जागी राहिला.

टंचाई हा कच्चा साक्षीदार आहे, असे मी म्हणतो ते यासाठी. तिला नेहमी दुसरे एखादे कारण जोडीला असते, ती येते आणि जाते, आणि ज्याला जे पाहायचे असते तेच तो तिच्यात पाहतो. 'तुम्ही म्हणाला होता दुष्काळ पडेल, पडला का?' असे विचारणाऱ्याला तिच्या आधारे उत्तर देता येत नाही.

जे टिकले ते निराळे होते. ते समजायला आपल्याकडचे उदाहरण घेऊ. १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर आला आणि मुंबईच्या वेशीवरचे जकात नाके उठले. मुलुंड-दहिसरला खोळंबलेल्या ट्रकांच्या रांगा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना वेगळे सांगायला नको की नाक्यावर पैशापेक्षा वेळ अधिक जातो. ब्रिटनने उलट दिशेने पाऊल टाकले. जिथे नाका नव्हता तिथे उभा केला. डिसेंबर २०२० च्या करारात आयातशुल्क शून्य आहे, पण शून्य शुल्क म्हणजे शून्य खर्च नव्हे. प्राणिजन्य मालाला अधिकृत पशुवैद्यकाचा आरोग्य दाखला लागतो आणि त्यावरची सही छापील मजकुराहून वेगळ्या रंगाच्या शाईत असावी लागते. एकाच ट्रकमध्ये दहा व्यापाऱ्यांचा माल असेल आणि एकाच्या कागदात चूक निघाली तर दहाही अडकतात. जानेवारी २०२१ मध्ये स्कॉटलंडच्या मासळीवाल्यांना याचा जबर फटका बसला. मार्क्स अँड स्पेन्सर या दुकानसाखळीचे अध्यक्ष आर्ची नॉर्मन यांनी सांगितले की आयर्लंडला जाणाऱ्या एका ट्रकबरोबर ७०० पानांचे कागद जातात आणि ते तयार करायला आठ तास लागतात. त्याच कंपनीची जर्मनीत बनणारी एक लोकप्रिय गोळी ब्रिटनमध्ये येऊन पुन्हा आयर्लंडला निघाली की तिच्यावर शुल्क लागण्याची वेळ आली, कारण ती मुळात ब्रिटनमध्ये बनलेली नव्हती. ताजा माल वेळेवर पोहोचवता येईना, म्हणून कंपनीने फ्रान्समधली ११ दुकाने बंद केली.

हा खर्च हवेत विरत नाही. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधल्या अर्थतज्ज्ञांनी डिसेंबर २०२२ मध्ये त्याचा हिशेब मांडला: ब्रेक्झिटमुळे २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत अन्नाचे भाव सुमारे ६ टक्क्यांनी वाढले आणि दर घरामागे सरासरी २१० पौंडांचा बोजा पडला. आठवड्याला सुमारे दोन पौंड. दोन पौंडांचे छायाचित्र काढता येत नाही, त्यावर बातमी होत नाही. पण ज्या घराच्या मिळकतीचा मोठा वाटा पोटापाण्यावर जातो, त्या घराला ते दर आठवड्याला जाणवतात. अर्थसंकल्पावर स्वतंत्रपणे देखरेख करणाऱ्या सरकारी कार्यालयाचा अंदाजही त्याच दिशेचा आहे: संघात राहिले असते त्या तुलनेत देशाची उत्पादकता दीर्घकाळात ४ टक्क्यांनी कमी राहील.

यावर रास्त आक्षेप आहे तो असा की युक्रेन युद्धानंतर अन्न सगळ्या युरोपात महागले, जर्मनीतही महागले. खरे आहे. ब्रिटनच्या सगळ्या महागाईचे खापर ब्रेक्झिटवर फोडणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. पण या प्रश्नाचा सर्वांत बोलका पुरावा ब्रेक्झिटवाल्यांच्याच हातचा आहे. ब्रिटनचा माल युरोपात १ जानेवारी २०२१ पासून तपासला जाऊ लागला. युरोपातून येणाऱ्या मालाची तपासणी मात्र ब्रिटिश सरकारने पुन्हा पुन्हा पुढे ढकलली. एप्रिल २०२२ मध्ये ती पुन्हा लांबवताना जेकब रीस-मॉग म्हणाले की यामुळे व्यापाऱ्यांचे वर्षाला एक अब्ज पौंडांपर्यंत वाचतील. त्यांचे मंत्रिपदच ब्रेक्झिटमधून मिळणाऱ्या संधी शोधण्याचे होते. स्वतःची सीमा स्वतः राखण्यासाठी ज्यांनी संघ सोडला, त्यांनाच ती राखण्याचा खर्च परवडेना. अखेर २०२४ मध्ये प्रत्यक्ष तपासणी सुरू झाली, तेव्हा एका खेपेला १४५ पौंडांपर्यंत आकार बसू लागला.

आता मताकडे वळू. २०१६ मध्ये मतदान करण्याच्या वयाचे नसलेले तरुण मोठ्या संख्येने संघाच्या बाजूचे आहेत. बाहेर पडण्याच्या बाजूने मत दिलेल्यांतही जवळपास पाचातला एक जण आज निर्णय चुकला म्हणतो. असे असताना संघात परतण्याची भाषा ब्रिटनच्या राजकारणात दबकीच का? मे २०२५ च्या स्थानिक निवडणुकांत ब्रेक्झिटचे खंदे पुरस्कर्ते नायजेल फराज यांच्या 'रिफॉर्म यूके' पक्षाने ६७७ जागा जिंकल्या. हा पश्चात्ताप कोणत्या जातीचा आहे ते पाहिले की हे कोडे सुटते. ज्यांना निर्णय चुकला वाटते, त्यांतल्या कितीकांना तो चुकीच्या कारणाने घेतला गेला असे वाटत नाही. तो नीट राबवला गेला नाही असे वाटते. स्थलांतर घटेल असे त्यांना सांगितले होते. जून २०२३ ला संपलेल्या वर्षात निव्वळ स्थलांतर ९ लाखांच्या वर गेले आणि येणाऱ्यांत भारतीयांचा वाटा मोठा होता. फसवणुकीची भावना दोन्ही वाटांनी जाते: एक ब्रसेल्सकडे म्हणजे संघाकडे, दुसरी फराज यांच्याकडे.

आणि दोष फक्त एका बाजूचा नाही. राहा म्हणणाऱ्यांनीही संघाचे फायदे मांडण्यापेक्षा संकटाची चित्रे रंगवण्यावर भर दिला. संकट तेवढे मोठे आले नाही, आणि मग लहान पण कायमचे नुकसान सांगायला त्यांच्याजवळ पत उरली नाही.

नियमांच्या बाबतीतही अर्धेच सांगितले गेले. १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने भारतातून येणाऱ्या हापूससह सगळ्या आंब्यांवर आणि कारल्यासह काही भाज्यांवर बंदी घातली, कारण खेपांमध्ये फळमाशी सापडली होती. लेस्टर आणि साउथॉलच्या भारतीय दुकानदारांत असंतोष पसरला आणि 'ब्रसेल्स ठरवते, आम्ही सोसतो' ही भावना पक्की झाली. आंब्यावरची बंदी २०१५ च्या सुरुवातीला उठली, पण कोकणच्या बागायतदाराचा एक हंगाम हातचा गेला. त्यावेळी ब्रिटनच्या कृषी खात्यानेही या बंदीची पाठराखण केली होती; ती माशी ब्रिटनमधल्या टोमॅटो-काकडीच्या पिकाला घातक ठरेल, ही त्याची चिंता होती. ब्रिटन संघाबाहेर असता तरी नियम आलाच असता. संघ सोडल्याने नियम संपत नाहीत, ते ठरवणाऱ्या बैठकीतली खुर्ची जाते. १९ मे २०२५ ला लंडनच्या शिखर बैठकीत पंतप्रधान कीअर स्टार्मर यांनी अन्न-आरोग्य नियमांवर युरोपशी नवा करार करण्याचे ठरवले, त्याचा अर्थ हाच: तपासणी घटवण्यासाठी ब्रिटन संघाचे नियम पाळेल, पण त्यांवर मत देऊ शकणार नाही.

एखाद्या राष्ट्राला आपले कायदे आपणच करायचे असतील आणि त्यासाठी दोन पैसे अधिक मोजायची तयारी असेल, तर तो निर्णय मूर्खपणाचा म्हणता येणार नाही. स्वायत्ततेलाही मोल असते. पण मग ते मोल किती, ते कोण देणार आणि किती वर्षे देणार, हे मत मागण्यापूर्वी सांगावे लागते. ब्रिटनमध्ये ते कुणी नीट सांगितले नाही. एका बाजूने काहीच खर्च येणार नाही असे सांगितले, दुसरीने प्रलय येईल असे सांगितले.

भारतानेही ४ नोव्हेंबर २०१९ ला बँकॉकमध्ये 'आरसेप' या व्यापारगटात न जाण्याचे ठरवले आणि २४ जुलै २०२५ ला ब्रिटनशी मुक्त व्यापार करार केला. दोन्ही निर्णयांचे समर्थन करता येते. पण दोन्ही वेळी शेतकऱ्यापुढे, कारखानदारापुढे आणि गिऱ्हाइकापुढे नफ्यातोट्याचा पूर्ण तपशील किती ठेवला गेला, हे आपण विचारायला हवे. व्यापारगटात शिरणे असो की त्यातून निघणे, सरकारकडे पहिली मागणी एकच असावी: कौल मागण्याआधी बिल दाखवा.