चित्राची साक्ष

शब्दावर विश्वास ठेवण्यापूर्वी माणूस थोडा तरी थबकतो. चित्रावर विश्वास ठेवताना तो थबकत नाही. न्यायालयात साक्षीदाराची उलटतपासणी होते, पण चित्राची करावी असे आपल्या मनातही येत नाही. ‘प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिले’ म्हटले की आपल्याकडे वाद मिटतो. म्हणून ज्याला एका समाजाला दुसऱ्या समाजाच्या अंगावर घालायचे असते, त्याला आता भाषणाची गरज उरलेली नाही. एक चित्र पुरते.

सातारा जिल्ह्यातील पुसेसावळी येथे १० सप्टेंबर २०२३ च्या रात्री काय घडले, ते वाचकांना आठवत असेल. मुस्लिम तरुणांच्या नावावर इन्स्टाग्रामवर हिंदूंच्या श्रद्धास्थानांची निंदा करणारा मजकूर आला, असे सांगणारे स्क्रीनशॉट हातोहात फिरले. हा मजकूर आमचा नव्हे, असे सांगणारेही होते; परंतु ते ऐकून घेण्याइतका धीर जमावापाशी नव्हता. मशिदीवर हल्ला झाला आणि एक तरुण जिवानिशी गेला. त्याच वर्षी त्याच जिल्ह्यात एका अल्पवयीन मुस्लिम मुलाच्या खात्यावरून असाच मजकूर प्रसिद्ध झाला होता. ते खाते दुसऱ्याच एका तरुणाने हस्तगत केले होते, असे पोलिसांच्या तपासात निघाले. पुण्यात हडपसरला जून २०१४ मध्ये शिवाजी महाराज व बाळासाहेब ठाकरे यांची विकृत केलेली छायाचित्रे पसरली, आणि त्यांच्याशी काडीचाही संबंध नसलेला एक संगणक अभियंता रस्त्यात मारला गेला.

अशा चित्रांना आपण ‘खोटी’ म्हणतो. पण खोटेपणा नेमका कोठे असतो? मिरजेचे उदाहरण येथे विचारात पाडते. २००९ च्या सप्टेंबरात, विधानसभेची निवडणूक महिन्यावर आली असता, गणेशोत्सवाच्या कमानीवर अफझलखानाच्या वधाचे चित्र लागले. त्यावरून दगडफेक झाली, संचारबंदी पुकारावी लागली आणि दंगलीची झळ सांगली, इचलकरंजीपर्यंत पोहोचली. चित्रातला प्रसंग कोणी रचलेला नव्हता. १६५९ साली तो प्रतापगडाखाली घडला, आणि खानाची कबरही तेथेच आहे. रेषा इतिहासाला धरून होती, तरीही त्या कमानीने आजच्या शेजाऱ्याविषयी काही सांगितले, निदान अनेकांनी तसे वाचले. संत ऑगस्टीन यांनी असत्याचे मूळ शब्दात न शोधता फसविण्याच्या इच्छेत शोधले, ते यासाठीच मोलाचे वाटते. चित्रावर कात्री चालली की नाही हा प्रश्न महत्त्वाचा खरा. पण ते कोणाला दाखवायचे, केव्हा आणि कशासाठी, हा त्याहून अवघड प्रश्न आहे.

याच विचाराची कसोटी पाहणारी एक अमेरिकन घटना आहे. १९५० साली मेरीलँड राज्यात सिनेटर मिलार्ड टायडिंग्ज यांच्याविरुद्ध निवडणुकीत एक पत्रक निघाले. त्यात ते कम्युनिस्ट पुढारी अर्ल ब्राउडर यांच्याशेजारी उभे राहून जणू त्यांचे बोलणे ऐकत आहेत, असे छायाचित्र होते. वस्तुतः दोन निरनिराळी छायाचित्रे जोडून ते बनविले होते. गंमत अशी, की चित्राखाली ते ‘जोडचित्र’ असल्याचे छापलेलेही होते! म्हणजे तांत्रिक अर्थाने कोणी खोटे बोलले नव्हते. पापनिवेदनाला बसलेल्या माणसाने आपल्या अपराधाला असे नाव द्यावे, की ऐकणाऱ्याला पत्ताच लागू नये, तशातला हा प्रकार. टायडिंग्ज हरले. या मोहिमेमागे सिनेटर जोसेफ मॅकार्थी यांची माणसे होती. मॅकार्थी हे कॅथलिक होते, हेही नमूद केले पाहिजे. नाहीतर आम्ही दुसऱ्यांच्याच अंगणातला कचरा मोजतो आहोत, असे होईल.

पुढच्या वर्षी सिनेटच्या समितीने या प्रचाराचा कडक शब्दांत निषेध केला, आणि त्या अहवालावर मॅकार्थी यांच्याच रिपब्लिकन पक्षाच्या दोन सदस्यांच्या सह्या होत्या. त्यांपैकी एक मार्गारेट चेस स्मिथ. निवडून आलेला उमेदवार आपल्या जागी राहिला, हे खरे. तरी आम्हाला त्या दोन सह्या मोठ्या वाटतात. विरोधकाची बनवेगिरी उघडी पाडण्यात फारसे पुण्य नाही. ते तर हौसेने होते. आपल्या गटाला सोयीचे, आपल्या रागाला खतपाणी घालणारे चित्र हाती आले असता ‘हे बनावट आहे’ असे म्हणणे, ही खरी आठव्या आज्ञेची परीक्षा. ज्या शेजाऱ्याविरुद्ध ती साक्ष आहे तो स्वतः ओरडला तर त्याचे कोण ऐकतो? पुसेसावळीत कोणी ऐकले?

बनावट चित्र ओळखण्याची रीत फार गूढ नाही. उजेड एका बाजूने येतो आणि सावली भलतीकडेच पडते. चेहऱ्याची कड कापल्यासारखी दिसते. मूळ छायाचित्र दुसऱ्याच गावचे, दुसऱ्याच सालचे निघते. जाणकार हे सारे तपासतात. पण ही रीत छायाचित्रकलेहून कितीतरी जुनी आहे. दानीएलच्या ग्रंथातील सुसान्नाची कथा आठवावी. दोन वडीलधारे न्यायाधीश तिच्यावर आळ घेतात, आणि त्यांच्या पिकल्या केसांकडे पाहून सभा तिला मरणदंड देते. तेव्हा तरुण दानीएल मध्ये पडतो, दोघांना वेगळे करतो आणि एकच प्रश्न विचारतो: कोणत्या झाडाखाली पाहिलेत? दोघे दोन झाडांची नावे सांगतात. त्याला परक्यांच्या नव्हे, स्वतःच्याच समाजाच्या वडीलधाऱ्यांना खोटे ठरवावे लागले, आणि तेही ती जिवंत असताना. हडपसरला आणि पुसेसावळीला हा प्रश्न वेळेवर विचारणारा कोणी नव्हता.

सुसान्ना वाचली, सभेने देवाचा जयजयकार केला, दोन्ही न्यायाधीशांना शिक्षा झाली, असे ग्रंथ सांगतो. घटकाभरापूर्वी तिच्या मरणाला संमती देणाऱ्या त्या सभेपैकी कोणी तिच्याजवळ जाऊन क्षमा मागितल्याचे मात्र त्यात कोठे लिहिलेले नाही.