यंत्राने भूक भागेल काय?

कीर्तनानंतर एका तरुणाने विचारले, "बुवा, माणसे वाढेनात का, यंत्रे पोट भरतीलच की!" माउलींनो, हा पूर्वपक्ष पोकळ नव्हे. १९५१ साली देशात ३६ कोटी माणसे, धान्य सुमारे ५ कोटी टन. २०११ साली माणसे १२१ कोटी, म्हणजे सव्वातीनपटींहून थोडी अधिक. धान्य पाचपट झाले. बुटका गहू देणाऱ्या नॉर्मन बोरलॉग यांना हात जोडलेच पाहिजेत.

पण १९७० साली नोबेल पारितोषिक घेताना त्यांनीच बजावले, की हे यश तात्पुरते आहे. उसंत मिळाली, इतकेच. त्या गव्हा-भातापायी पंजाबात जमिनीतले पाणी खोल खोल गेले. पंप पाणी उपसून देतो. झरा काही देत नाही.

मग लोकसंख्येचा वेग उतरला कशाने? लशींनी बाळे जगू लागली, मुली शिकल्या. २०१९–२१ च्या पाहणीत बाईमागे सरासरी दोनच मुले. म्हणजे साधनाला विवेकाची जोड मिळाली, तेव्हा काम झाले.

दिंडीत पातेले कितीही मोठे आणा. पहिल्या पंगतीने पानात टाकले, तर शेवटची उपाशीच उठते. पातेले यंत्र देईल. पुरते वाढून घेणे आपल्याच हाती. रामकृष्ण हरि!