सोसणे आणि आशा

कृष्णाकाठच्या या भूमीत ओल आणि कोरड अगदी शेजारी नांदतात. सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेस महाबळेश्वरचे डोंगर पावसाने चिंब होतात, तर पूर्वेस माण-खटावची शेते ढगांकडे डोळे लावून बसतात. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी सत्तावन्न फुटांवर चढले, ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांना नेणारी नाव उलटून माणसे बुडाली. आणि त्याच दिवसांत त्याच जिल्ह्यातील जतच्या लोकांना टँकरची वाट पाहावी लागत होती. अशा मुलखात राहणाऱ्या ख्रिस्ती माणसाने ‘आशा’ हा शब्द कोणत्या अर्थाने उच्चारावा?

दोन सोपी उत्तरे आपल्या ओठांवर असतात. पहिले असे, की ही देवाची इच्छा, मुकाट्याने सोसावे. परंतु जन्मांध माणसाला पाहून हे पाप कोणाचे, असे शिष्यांनी विचारले, तेव्हा प्रभूने दोषाचा हिशेब मांडला नाही. त्यास दृष्टी दिली. जे दुःख दूर करता येते त्यास देवाची इच्छा म्हणून स्वस्थ बसणे, ही श्रद्धा नव्हे. दुसरे उत्तर असे, की प्रार्थना करा, सारे सुरळीत होईल. हे उत्तर गेथशेमाने बागेत टिकत नाही. तेथे प्रत्यक्ष पुत्राने प्रार्थना केली, तरी दुःखाचा प्याला टळला नाही.

मग उरते काय? संत पौल रोमकरांस लिहिताना एक क्रम सांगतो: संकटातून धीर, धीरातून कसास उतरलेले शील आणि शीलातून आशा. म्हणजे आशा ही आरंभीच हाती येणारी वस्तू नव्हे; ती धीराच्या वाटेवर घडत जाते.

हा धीर कसा असतो, हे साताऱ्याशी नाते असलेल्या एका घराने दाखविले आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१७ मध्ये साताऱ्यास राहावयास आले. ते आपल्या कॅथलिक पंथाचे नव्हते, तरी मराठी ख्रिस्ती माणसाचा तो सामाईक वारसा आहे. ९ मे १९१९ रोजी ते निवर्तले, तेव्हा प्रभूच्या चरित्रावरील त्यांचे ‘ख्रिस्तायन’ दहा-अकरा अध्यायांपाशी थांबले होते. ते काम लक्ष्मीबाईंनी हाती घेतले. त्यांना शालेय शिक्षण नव्हते. १८९५ मध्ये पतीने ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा त्यांच्यावर आकाश कोसळले होते आणि पुढील काही वर्षे ताटातुटीत गेली होती. त्याच स्त्रीने वैधव्यात चौसष्ट अध्याय रचिले. तरीही ग्रंथ पुरा झाला नाही. अखेरचा अध्याय पुत्र देवदत्त यांनी लिहिला.

आम्हांस यात आशेचा खरा अर्थ दिसतो. फळ आपल्याच डोळ्यांनी पाहण्याची खात्री म्हणजे आशा नव्हे. आपले अपुरे काम देव दुसऱ्या हातांकरवी पुढे नेईल, या विश्वासाने आजचा अध्याय लिहिणे, ही आशा. निव्वळ सोसणारा माणूस हात बांधून बसतो. आशा धरणाऱ्याचे हात दुःखातही चालते राहतात.

अर्थात ब्रह्मनाळच्या नावेत ज्यांचे माणूस गेले, त्यांना हे ऐकविण्याचा अधिकार आम्हांस नाही. तेथे आधी शेजारी बसावे, पुराने घरात आणलेला चिखल उपसावा. त्यांच्या वतीने काही काळ आशा धरण्याचे काम ख्रिस्तसभेचे आहे.

पुनरुत्थानाच्या पहाटे सुगंधी द्रव्ये घेऊन कबरेकडे निघालेल्या स्त्रियांनाही प्रश्न पडला होता, की ती मोठी धोंड लोटणार कोण? उत्तर ठाऊक नव्हते, तरी त्या वाटेवरून परतल्या नाहीत. आपल्याही दारी अशी एखादी धोंड असेल. तिच्याकडे चालत जाण्याचे बळ प्रभू आपणांस देवो.