नाव आणि ओळख

एखाद्याचे नाव कळले म्हणजे तो कळला काय? शाळामास्तराला हा प्रश्न रोज पडायला हवा. पण हातात हजेरीपट असला की त्याचा विसर पडणे फार सोपे. नाव पुकारले, 'हजर' ऐकू आले, ओळख संपली!

यंदा हा प्रश्न पुन्हा समोर आला तो एका पाखरामुळे. माझा एक जुना विद्यार्थी कॅलिफोर्नियात असतो. त्याने कळवले, "सर, इथे अंगणात शिंजीर येतो. घरची आठवण होते." गंमत पाहा. आपल्याकडे जास्वंदीवर येणाऱ्या शिंजिराला हौशी मंडळी 'हमिंगबर्ड' म्हणतात, आणि तिकडे गेलेला आपला मुलगा हमिंगबर्डला शिंजीर म्हणतो! वास्तविक हमिंगबर्ड फक्त उत्तर व दक्षिण अमेरिकेतला. भारतात तो नाही. दोघांनाही फुलांतल्या मधाची ओढ, म्हणून दोघांची चोच लांब. पण नाते जवळचे नव्हे. शिंजीर बहुधा फांदीवर किंवा देठावर बसून मध पितो. हमिंगबर्ड हवेत एका जागी तरंगत पितो, मागेही उडतो. त्याचे भाऊबंद म्हणजे आपल्या पाकोळ्या. भूक सारखी असली की चोच सारखी होते. कूळ सारखे असतेच असे नाही.

मुलाने पाठवलेल्या छायाचित्रावरून पाखराचे नाव लागले: 'ॲनाचा हमिंगबर्ड'. ही ॲना कोण? रिव्होलीच्या फ्रेंच ड्यूकची पत्नी. रेने लेसों या फ्रेंच पक्षिशास्त्रज्ञाने १८२९ साली तिचे नाव या पाखराला दिले. म्हणजे नाव शोधता शोधता आपल्याला भेटली ती एक सरदारीण. पाखरू होते तिथेच राहिले! अमेरिकेतल्या पक्षिशास्त्रज्ञांच्या संस्थेने २०२३ साली माणसांवरून ठेवलेली पक्ष्यांची इंग्रजी नावे बदलण्याचे जाहीर केले, त्यात मला तरी नवल वाटले नाही.

मग पाखरू कळावे कसे? त्याच्याकडे पाहत राहावे. नराचे डोके आणि गळा एका बाजूने काळपट दिसतो. उजेडाचा कोन साधला की तोच गुलाबी पेटतो. वजन अवघे चार ग्रॅमच्या आसपास. थंड रात्री ते अंगातली ऊब उतरवून, काळजाचे ठोके मंदावून निपचित बसते. अजाण माणसाला मेल्यासारखे वाटावे. मादी कोळ्याच्या जाळ्याच्या धाग्यांनी वाटीएवढेसुद्धा नव्हे, अक्रोडाएवढे घरटे विणते, दोन अंडी घालते आणि पिले एकटीच वाढवते. तिला नुसता मध पुरत नाही. बारीक किडेही लागतात.

हे कळल्यावर वागणे बदलते. तिकडे लोक हौसेने साखरपाण्याच्या बाटल्या टांगतात. एक भाग साखर, चार भाग पाणी, एवढेच पुरे. पण कुणी लाडाने मध घालतो, कुणी शोभेला लाल रंग. ते पाखराला अपाय करू शकते. पाणी वेळच्या वेळी बदलले नाही तर तेही आंबते. मी मुलाला लिहिले, "प्रेमाने तू त्याला शिंजीर म्हण, पण बाटली धूत जा, आणि बागेतल्या किड्यांवर औषध मारू नकोस."

पत्र लिहून झाल्यावर मनात आले, या मुलाचे नावही त्याच्या कचेरीत सर्वांना ठाऊक असेल. पण संध्याकाळी तो काय खातो, कुणाशी बोलतो, सणाला त्याच्या दारात पणती लागते की नाही, हे कितीजणांना ठाऊक आहे?

नाव हवेच, त्यावाचून शिंजीर कुठला आणि हमिंगबर्ड कुठला हेही उमगायचे नाही. पण नावाने फक्त हाक मारता येते. ज्याला हाक मारायची तो कशावर जगतो, हे विचारले तरच ओळख होते. ऐन दिवाळीत मधुमेही पाहुण्याच्या ताटात आग्रहाने तिसरा लाडू वाढणारे प्रेम आपल्याला परके नाही. त्या प्रेमात खोट नसते. चौकशी तेवढी नसते. माझ्या मते चौकशीवाचूनचे प्रेम हे अर्धेच प्रेम होय, मग समोर पाखरू असो की माणूस.