टाचणातलं मूल

पाठाच्या टाचणात ‘उद्दिष्टे’ असा एक रकाना असतो. त्याखाली वर्षानुवर्षं लिहिलं जातं: ‘विद्यार्थी लांबीच्या एककांची नावे सांगतो. विद्यार्थी एककांचे रूपांतर करतो.’ डी.एड.ला असताना मीही अशी वाक्यं पानोपानी लिहिली. त्यांतला विद्यार्थी कुठेच अडत नाही. त्याला गावही नसतं.

अशी वाक्यं रूढ होण्याआधीच्या टाचणांत ‘माहिती देणे’, ‘परिचय करून देणे’ असं असायचं आणि कर्ता शिक्षक असायचा. 1956 साली बेंजामिन ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शैक्षणिक उद्दिष्टांचं वर्गीकरण मांडलं. पुढे ज्ञान, आकलन, उपयोजन हे शब्द आपल्या अध्यापक विद्यालयांत रुळले आणि वाक्याचा कर्ता विद्यार्थी झाला. हा बदल मोलाचा होता. मुलाला काय जमलं, हे विचारायची सोय त्याने झाली. पण वाक्य लिहिणाऱ्याची नजर पाठ्यपुस्तकावरच राहिली. मूल वर्गात यायच्या आधीच त्याचं उद्दिष्ट लिहून तयार!

कोल्हापुरात जुलैचा पाऊस लागला की राजाराम बंधाऱ्याजवळची पंचगंगेची पातळी घरोघरी विचारली जाते. 39 फुटांना इशारा, 43 फुटांना धोका. 2019 आणि 2021 चे महापूर पाहिलेल्या या शहरात हे आकडे मुलांनाही पाठ असतात. पुराचं पाणी शिरणाऱ्या सुतारवाड्यातल्या मुलासाठी तर पातळी म्हणजे घर कधी सोडायचं, हा प्रश्न.

अशा दिवशी सहावीच्या फळ्यावर लिहून पाहावं: काल रात्री 39 फूट 9 इंच, आज सकाळी 40 फूट 2 इंच; पाणी किती चढलं? उत्तर 5 इंच. पण एखादं मूल 40.2 मधून 39.9 वजा करतं आणि 3 इंच सांगतं. वजाबाकी चोख, उत्तर चूक. मोबाइलवर फिरणाऱ्या निरोपांत पातळी अशीच टिंब देऊन लिहिलेली असते. मुलाने तेच उचललं. दहाचा दशांश आणि बारा इंचांचा फूट त्या एका टिंबात गुंतले आहेत. लाल शाईची फुली मारली की हे हातचं गेलं. वही नीट वाचली तर उद्याच्या तासाचं उद्दिष्ट तिथेच सापडतं: 39 फूट 6 इंच म्हणजे 39.5 फूट का, हे या मुलाने मोजपट्टी हातात धरून शेजाऱ्याला पटवून द्यावं. शेजारची मुलगी मात्र विचारते, ‘असंच चढत राहिलं तर 43 ला कधी पोचेल?’ तिला वेगाच्या गणिताकडे न्यायचं आणि नदी खरंच एकाच वेगाने चढते का, हेही विचारायचं. धडा एकच, पण दोघांना गाठायच्या जागा वेगळ्या.

वर्गात चाळीस मुलं, काही शाळांत दोन इयत्ता एकत्र, वर माहितीचे तक्ते भरायचे. शिक्षकाची ही अडचण खरी आहे. चाळीस उद्दिष्टं कुणी लिहू शकणार नाही, आणि तशी गरजही नसते. चुका सहसा तीन-चार जातींच्याच निघतात. 2021 मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाने तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान 60 शब्द समजून वाचावेत, असं ठरवलं. असा किमान टप्पा हवाच. मात्र मूल 30 शब्दांवर का थांबलं, जोडाक्षराने की घरच्या बोलीत नसलेल्या शब्दाने, हे शेजारी बसून ऐकणाऱ्यालाच कळतं.

याच करवीरात, म्हणजे कोल्हापुरात, शाहू महाराजांनी 1917 मध्ये सक्तीच्या, मोफत प्राथमिक शिक्षणाचा आदेश काढला आणि मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दंड ठेवला. मूल शाळेपर्यंत आणणं हे त्या काळचं उद्दिष्ट होतं. याच शहरात लीलाताई पाटील यांनी 1985 मध्ये ‘सृजन आनंद विद्यालय’ सुरू केलं आणि मुलांच्या अनुभवातून, प्रकल्पांतून शिकणं उभं राहतं, हे रोजच्या कामातून दाखवलं. शाळेत आलेल्या मुलाकडे कसं पाहायचं, याचा इतका चांगला धडा कोल्हापूरकर शिक्षकाला दुसरीकडे शोधावा लागत नाही.

शिक्षक मित्रांनो, उद्याचं टाचण लिहिताना ‘विद्यार्थी’ या शब्दाच्या जागी आपल्या वर्गातल्या एका तरी मुलाचं नाव घाला, आणि मग ते वाक्य पुन्हा वाचा.