पहिल्या पानावरचे नाव

कापूस वेचणीचे दिवस होते. इशाच्या नमाजनंतर मशिदीच्या ओसरीवर एक तरुण थांबला. बाभुळगाव परिसरात पदवीचे शिक्षण घेणारी अनेक मुले या दिवसांत शेतातही राबतात. तोही दिवसभर वेचणी करून आला होता. म्हणाला, "मौलाना, परवा असाइनमेंट द्यायची आहे. मोबाइलवर विषय टाकला की पंधरा पाने तयार मिळतात. सर वाचत नाहीत, पाने मोजतात. मग ती उतरवून दिली तर गुनाह कसला? मी कुणाचे काय चोरले?"

प्रश्न प्रामाणिक होता. 'नाजायज आहे' एवढ्या एका शब्दात त्याची बोळवण करणे मला योग्य वाटले नाही. शिवाय मी स्वतः निर्दोष नव्हतो. मदरशाचे शिक्षण संपवून मराठी घेऊन बी.ए. करताना, श्रीगोंद्याचे संतकवी शेख महंमद यांच्यावरील निबंध मी एका ज्येष्ठ विद्यार्थ्याच्या वहीतून जसाच्या तसा उतरवला होता. गुण चांगले मिळाले. काही महिन्यांनी एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी विचारले, "मौलाना, एका मुसलमानाने मराठीत 'योगसंग्राम' लिहिला म्हणतात, त्यात आहे तरी काय?" मला एक वाक्यही सांगता आले नाही.

सहीह मुस्लिममध्ये एक प्रसंग आला आहे. आदरणीय प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, तेव्हा बोटांना ओल लागली. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे प्रेषितांनी विचारले आणि फसवणूक करणाऱ्याशी आपला संबंध नाही, असे बजावले. कापसाच्या मुलखात हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही. ओलावा 8 टक्क्यांच्या वर गेला की भाव उतरतो आणि 12 टक्क्यांपुढचा कापूस सीसीआय घेत नाही, हे येथे लहान मुलालाही ठाऊक असते.

त्या विक्रेत्याने तोंडाने असत्य सांगितले नव्हते. त्याच्या वतीने वरचा कोरडा थर बोलत होता. असाइनमेंटच्या पहिल्या पानावरचे नाव असेच बोलते. 'हे मी वाचले, मला समजले, मी लिहिले' अशी ती साक्ष असते. आतली पाने दुसऱ्याच्या वहीतली असोत वा यंत्राने दिलेली असोत, साक्ष खोटीच ठरते. न केलेल्या कामाबद्दल स्तुती व्हावी अशी इच्छा धरणाऱ्यांना दिव्य कुरआनने (3:188) कठोर इशारा दिला आहे. वाचण्यात सर कसूर करीत असतील, तर त्याचा हिशेब ते देतील. एकाचे ओझे दुसरा उचलणार नाही.

राहिला चोरीचा प्रश्न. आज पाने उतरवणारा उद्या शिक्षक होईल, कार्यालयात बसेल. लोक त्याच्या पदवीवर विश्वास ठेवून आपली मुले, आपली कामे त्याच्या हाती देतील. त्या विश्वासाला धक्का लागतो, म्हणून हा केवळ अल्लाह आणि बंद्यामधला मामला राहत नाही. येथे हुकूकुल इबाद, म्हणजे माणसांचे हक्क, गुंतलेले आहेत.

ज्या उम्मतने ज्ञानाला सनदीची शिस्त लावली, तिला हे नवे नाही. हदीस कोणी कोणाकडून ऐकली, ही साखळी तपासत इमाम बुखारी (रह.) यांनी आपल्या संग्रहासाठी 16 वर्षे खर्च केली. ज्याचे वचन त्याच्या नावे सांगावे, यातच ज्ञानाची बरकत आहे, असे इमाम कुर्तुबी (रह.) यांनी आपल्या तफसीरच्या प्रस्तावनेत नमूद केले आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2018 मध्ये वाङ्मयचौर्याविरुद्ध नियम केले. त्यांनुसार प्रबंधातील साम्य 60 टक्क्यांहून अधिक आढळल्यास नोंदणी रद्द होते. आपल्या पूर्वजांना मात्र अशा दंडाची वाट पाहावी लागली नाही.

मदत घेणे गुनाह नाही. विचारणे, संदर्भ शोधणे, कुणाकडून समजून घेणे, हेच तर शिक्षण होय. वही मिटून तोच विषय चार माणसांना सांगता आला, तर तो तुमचा झाला.

मी त्या तरुणाला म्हटले, "बेटा, थकलेल्या माणसाकडून पंधरा पाने मागू नयेत, पण चार पाने मागता येतात." सातत्याने केलेले थोडे कर्म अल्लाहला अधिक प्रिय आहे, ही हदीस आपण इबादतीपुरतीच ठेवतो. असाइनमेंट मिळते त्या दिवशी प्रश्न नीट समजून घ्यावा. पुढील चार दिवस फजरनंतर अर्धा तास वाचून टिपणे काढावीत आणि प्रत्येक टिपणापुढे पुस्तक व पान लिहावे. मग मुद्द्यांचा क्रम लावावा, कच्चा मसुदा करावा, एक दिवस तो बाजूला ठेवावा आणि नंतर पक्का उतरवावा. नक्कल पुष्कळदा आळसातून नव्हे, शेवटच्या रात्रीच्या भीतीतून जन्मते.

त्याने चार पाने दिली. गुण कमी पडले, हे त्याने स्वतःच येऊन सांगितले. माझ्या जुन्या निबंधाचे गुण मला आता परत करता येत नव्हते; पण 'योगसंग्राम' मिळवून वाचणे शक्य होते. ते केले, आणि त्या वडीलधाऱ्या गृहस्थांकडे जाऊन त्यांच्या प्रश्नाचे उत्तर दिले, उशिरा का होईना.

अल्लाह आपल्या मुलांच्या कष्टात बरकत देवो आणि आपल्या नावाखाली खरे तेच लिहिण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.