बांधलेले चलन आणि जाब देणारे चलन

श्रीलंकेच्या रुपयाविषयी आपल्याकडे बोलणे निघाले म्हणजे ते हटकून दोन-तीनच ठिकाणी जाऊन थांबते. कोलंबो-कँडीची सहल करून आलेला गृहस्थ आपल्या एका रुपयात तिथले साडेतीन रुपये आले हे कौतुकाने सांगतो. आणि वृत्तपत्रांतले विचारवंत, त्या देशाने फुकट वाटप केले म्हणून २०२२ साली त्याचे दिवाळे निघाले, सबब आपल्या राज्य सरकारांनीही वेळीच हात आखडावा, असा निष्कर्ष काढून मोकळे होतात. जपानचा येन आपल्या रुपयाहून स्वस्त आहे, म्हणून जपान दरिद्री ठरत नाही, एवढे पहिल्याला उत्तर पुरे. दुसऱ्याला एवढेच सांगावे की कोलंबोच्या तिजोरीला मोठी गळती लागली ती डिसेंबर २०१९ मध्ये मूल्यवर्धित कर १५ टक्क्यांवरून एकदम ८ टक्क्यांवर आणल्याने. आणि चीनच्या कर्जसापळ्याची कथा सांगणाऱ्यांनी परकीय कर्जाचा सर्वांत मोठा हिस्सा आंतरराष्ट्रीय रोखेबाजारातून उचललेला होता, हे सोयीस्करपणे बाजूस ठेवलेले असते.

यांपैकी कोणाशीही वाद घालत बसण्याचे मला प्रयोजन दिसत नाही. वाद घालण्याजोगे मत एकच आहे. ते खुद्द त्या बेटावर विद्वत्तेने आणि निष्ठेने मांडले जाते, आणि म्हणूनच ते घातक आहे. त्या मताचे लोक म्हणतात की १८८४ पासून १९५० पर्यंत सिलोनचे चलन ज्या चलन-मंडळाच्या हाती होते त्या मंडळाच्या काळात रुपया स्थिर राहिला, कारण राखीव चांदी व रोखे यांच्या तारणावाचून नोट काढण्याची मुभाच कोणाला नव्हती. ऑगस्ट १९५० मध्ये मध्यवर्ती बँक उघडली, नोटा काढण्याचा अधिकार माणसांच्या मर्जीवर आला, आणि त्या वेळी डॉलरला ४ रुपये ७६ सेंट असलेला भाव आज तीनशेच्या घरात गेला. आकडे खरे आहेत. त्यांतून काढलेला अर्थ मात्र खोटा आहे.

या नियमबद्ध यंत्रणेचा जन्म कसा झाला ते प्रथम पाहावे. १८७२ च्या आरंभी हिंदुस्थानचा चांदीचा रुपया सिलोनात कायदेशीर चलन ठरला, मात्र आणे-पै सोडून त्याचे शंभर सेंट करण्यात आले. नोटा खासगी पेढ्या काढीत. कॉफीच्या पानांवर १८६९ साली दिसलेल्या तांबेऱ्याने पुढील दीड दशकात मळेच्या मळे उठले, त्या मळ्यांना उधार देऊन बसलेली ओरिएंटल बँक मे १८८४ मध्ये बुडाली, आणि तिच्या नोटा पदरी असलेल्या दुकानदारांवर व मजुरांवर हाय हाय करण्याची पाळी आली. त्या प्रसंगी गव्हर्नर सर आर्थर गॉर्डन यांनी आपल्या जबाबदारीवर त्या नोटांना सरकारची हमी दिली, आणि बाजार सावरला. मंडळाचा कायदा झाला तो त्यानंतर. म्हणजे ज्या व्यवस्थेत मानवी विवेकाला जागा नाही म्हणून तिची थोरवी गायिली जाते, ती व्यवस्था एका मनुष्याने ऐन संकटात विवेक चालविला म्हणूनच उभी राहू शकली.

पण तो मुद्दाही सोडून देऊ. स्थिरता होती ती कशाशी? हिंदुस्थानच्या रुपयाशी. आणि तो रुपया तरी कुठे स्थिर होता? चांदी घसरत गेली तसतसा तो १८७० च्या सुमाराच्या जवळजवळ दोन शिलिंगांवरून १८९३ पर्यंत सव्वा शिलिंगावर आला, आणि त्या साली टांकसाळी बंद करण्याची वेळ आली. लंडनच्या बाजारात चहा पौंडांनी विकून मजुरी रुपयांनी चुकविणाऱ्या मळेवाल्यांना ही घसरण मानवली. मजुराला ती मानवली असे कोणी म्हणत नाही. विनिमयाचा दर स्थिर असणे निराळे आणि रुपयाची खरेदीशक्ती स्थिर असणे निराळे, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याच रुपयाचा इतिहास धुंडाळून १९२३ सालच्या आपल्या प्रबंधात दाखविलेच आहे. सरकारला मनास येईल तेवढे चलन काढू देऊ नये, असेही ते म्हणत, आणि मंडळवाले तेवढाच आधार उचलतात. परंतु चलनाला मर्यादा घालणे आणि चलन परक्या खुंटीला बांधणे या दोन गोष्टी एक नव्हेत.

परक्या खुंटीची किंमत १९३० नंतरच्या मंदीत वसूल झाली. चहा-रबराचे भाव कोसळले, निर्यातीचे उत्पन्न आटले, आणि मंडळाच्या नियमानुसार बेटावरचे चलनही आपोआप आटले. भाव हलायचा नव्हता, तेव्हा माणसे हलली. मळ्यांवरची मजुरी उतरविण्यात आली आणि तमिळ मजुरांचे तांडे समुद्र ओलांडून परत धाडण्यात आले. पुढे महायुद्धात बेटाने रबर दिले, चहा दिला, आणि त्याबदल्यात लंडनमध्ये पौंडांची शिल्लक साठविली. सप्टेंबर १९४९ मध्ये पौंडाची किंमत ४ डॉलर ३ सेंटांवरून २ डॉलर ८० सेंटांवर आणली गेली, तेव्हा डॉलरच्या हिशेबाने त्या शिलकेचा जवळजवळ तिसरा हिस्सा एका हुकुमासरशी नाहीसा झाला. कोलंबोला कोणी विचारले नाही. या मंडळाने मर्जी नष्ट केली नव्हती. ती फक्त बेटाबाहेर ठेवली होती. अर्जेंटिनाने असाच बांधलेला पेसो दहा वर्षे मिरविला आणि २००२ च्या आरंभी त्या बांधणीचे काय झाले, हे तर आपल्या डोळ्यांदेखत घडले आहे.

माझे म्हणणे एवढेच आहे की चलनाच्या बाबतीत खरा भेद स्थिर आणि अस्थिर असा नसून बांधलेले चलन आणि जाब देणारे चलन असा आहे. जाब देणारे चलन म्हणजे काय, ते एका जुन्या नाण्यावरून दिसते. ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजावरचा रॉबर्ट नॉक्स कँडीच्या राज्यात एकोणीस वर्षांहून अधिक काळ अटकेत होता. १६८१ साली छापलेल्या आपल्या ग्रंथात त्याने तिथल्या एका नाण्याचे वर्णन केले आहे. हे नाणे म्हणजे माशाच्या गळासारखी वाकविलेली रुप्याची तार. रुप्याच्या तारेची ही लारी आपल्या आदिलशाही कोकणातही चालत असे. राजाच्या परवानगीने ती कोणीही पाडावी आणि तिच्यावर हवा तो शिक्का मारावा. मात्र घेणाऱ्यास संशय आला तर त्याने ती विस्तवात लाल होईपर्यंत तापवावी, पाण्यात टाकावी, आणि ती शुभ्र निघाली नाही तर घेऊ नये, असा रिवाज होता. राजाचा शिक्का असो वा नसो, नाण्याने आपल्या खरेपणाचा जाब चुलीपाशी बसलेल्या साध्या कुणब्याला द्यावयाचा. धातूचे युग परत आणावे असे मी म्हणत नाही. ती चूल कागदी नोटेच्या काळात कोठे मांडावी, एवढाच माझा प्रश्न आहे.

मंडळाच्या काळात ती लंडनमध्ये होती. १९५० नंतर ती कोठेच नव्हती, हे मंडळवाल्यांच्या पदरात टाकण्यास माझी हरकत नाही. बँकेच्या मुद्रामंडळावर अर्थखात्याचा सचिव पदसिद्ध बसत असे, म्हणजे उधार मागणारा आणि उधार मंजूर करणारा एकाच बैठकीत होता. २०२० नंतर सरकारच्या तुटीसाठी बँकेने हुंड्यांमागून हुंड्या विकत घेतल्या, आणि त्याच वेळी डॉलरचा भाव दोनशेच्या आसपास धरून ठेवला. परदेशी राबणाऱ्या श्रीलंकेच्या मजुरांनी ते नाणे आपल्यापुरते विस्तवात घालून पाहिले: त्यांनी बँकांची वाट सोडून हवालाची वाट धरली, कारण तिथे भाव खरा मिळत होता. जानेवारी २०२२ मध्ये, औषधे आणि इंधन यांची चणचण भासू लागलेली असताना, बँकेने परकीय रोखेधारकांचे पन्नास कोटी डॉलर मुदतीस चुकते केले. मार्चमध्ये भाव सोडून द्यावा लागला, एप्रिलच्या १२ तारखेस परकीय कर्जाची फेड थांबली, मेमध्ये डॉलर ३६० च्या घरात गेला, आणि सप्टेंबरात महागाईचा दर सत्तर टक्क्यांवर टेकला.

येथे मंडळवाले विचारतील, मग बांधलेले चलनच बरे नव्हते काय? हा प्रश्न मी टाळणार नाही. ज्याला जाब विचारता येत नाही अशा आपल्या माणसापेक्षा ज्याला जाब विचारता येत नाही असा परका बरा, एवढेच त्यातून सिद्ध होते, आणि स्वतंत्र राष्ट्राने यावर समाधान मानू नये. उपाय तिसरा आहे आणि श्रीलंकेने त्याचा आरंभ केला आहे. २०२३ च्या नव्या कायद्याने अर्थसचिवाचे ते आसन काढून टाकले, सरकारचे रोखे सरकारकडून थेट घेण्यास बँकेला मनाई केली, आणि भाववाढ रोखणे हे तिचे पहिले कर्तव्य ठरविले.

त्याहून मोलाची गोष्ट त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला झाली. तेथील सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा मताने निकाल दिला की माजी राष्ट्राध्यक्ष गोटाबाय राजपक्ष, त्यांचे बंधू महिंद व बासिल, मध्यवर्ती बँकेचे दोन माजी गव्हर्नर आणि अन्य काही अधिकारी यांनी लोकांनी टाकलेल्या विश्वासाचा भंग केला. अर्जदारांना खर्चापोटी प्रत्येकी दीड लाख रुपये देवविण्यात आले. कोणाची बुडालेली पुंजी परत आली नाही. तरीही नोटेवर सही करणाऱ्यांना ती नोट बाळगणाऱ्यांनी न्यायासनापुढे उभे केले आणि कैफियत द्यावयास लावली. श्रीलंकेचे उदाहरण देऊन आपल्याला शहाणे करू पाहणाऱ्या लेखकांनी पुढचा लेख लिहिण्यापूर्वी विनिमयाचे तक्ते मिटवून ठेवावेत आणि तो निकाल वाचावा, एवढी माझी विनंती आहे.